कणसाचा शिक्का

त्या साली पाऊस आलाच नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. तो आला, गावपुढारी सुंदररावांच्या सभेच्या मंडपावर सात-आठ थेंब टाकले आणि वडवणीच्या अंगाला निघून गेला. तिकडंही तो थांबल्याचं कुणी सांगितलं नाही. तिसरं साल होतं हे. विहिरींनी हात टेकले, कापसानं माना टाकल्या, पण बोरवाडीतला निंब हिरवागार. बांधावर निंब, ओढ्यात निंब, मसणवट्यात निंब. आषाढात निंबोळ्यांचा सडा पडायचा आणि पायाला चिकचिक होते म्हणून बायका त्याच झाडाला शिव्या घालायच्या.

सुंदररावांना त्या सड्यात संस्था दिसली. त्यांना कशातही संस्था दिसायची. गावात एक दूध संस्था होती, एक मजूर संस्था होती आणि एक पाणीवापर संस्था होती. पाणी नव्हतं, पण संस्था होती, तिची वार्षिक सभा व्हायची आणि चहाही मिळायचा. त्यात आता निंबोळी प्रक्रिया संस्थेची भर पडली. अध्यक्ष अर्थातच सुंदरराव, सचिव त्रिंबक, आणि निंबोळ्या वेचून, वाळवून, फोडून त्यांची पेंड करायला चौतीस बायका. नवल असं की ही संस्था चालली. स्पेन नावाच्या देशात संत्र्याच्या बागा आहेत, तिथल्या एका व्यापाऱ्यानं मुळांची कीड मारायला एक कंटेनरभर पेंड मागवली. केज तालुक्यातून परदेशी जाणारी ती पहिलीच वस्तू, असं सुंदररावांनी जाहीर केलं. खात्री करायला कोण जातंय.

आश्रुबा सुताराचा या सगळ्याशी संबंध आला तो पॅलेटमुळं. पॅलेट म्हणजे पोती रचायचा फळ्यांचा मोठा पाट. खाली पोकळी, त्यात यंत्राचे हात घालून सगळी थप्पी एकदम उचलायची. अशी वीस हवी होती. त्रिंबकनं पुण्याकडच्या एका कारखान्यातून नमुन्याचं एक आणलं आणि आश्रुबाच्या अंगणात उतरवलं. पाठोपाठ सुंदरराव आले.

"आश्रुबा, अस्सं करायचं. उन्नीस-बीस चालणार न्हाई. परदेशाचं काम हाय."

"नगाला नग करतो, अण्णा," आश्रुबा म्हणाला.

"हे पास झालं की दरसाली दोनशे. बसून खाशील."

आश्रुबाला बसून खायचं नव्हतं, बसून काम करायचं होतं. त्याच्या बापानं, म्हाळू सुतारानं, आसपासच्या बारा गावांना बैलगाड्या पुरवल्या होत्या. पुढं गाड्या लोखंडाच्या झाल्या, चाकं रबराची झाली, दारं-खिडक्या केजच्या बाजारातून तयार येऊ लागल्या. गेली चार सालं आश्रुबा आणि त्याची बायको रुक्मिणीबाई दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जात होते. रांधा, वाकस, पटाशी ही हत्यारं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायची आणि कोयता घ्यायचा. पहिल्या साली टोळीतले लोक त्याला सुतार म्हणायचे. चौथ्या साली कुणी म्हणेना. ते त्याला फार लागलं होतं, पण अशी गोष्ट कुणाला बोलून दाखवायची? या खेपेला बंकट मुकादम नाव घ्यायला दारात आला, तेव्हा आश्रुबा लाकूड मापत होता.

"या साली न्हाई," तो मान वर न करता म्हणाला.

"कावून? लॉटरी लागली का बे?"

"काम लागलंय."

बंकट हसला आणि गेला. रुक्मिणीबाईला मात्र हसू आलं नाही. "एका कामावर कोयता सोडता का?" एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

लाकूड निंबाचंच होतं. रस्ता रुंद करताना तोडलेली दोन झाडं आश्रुबाच्या अंगणात दोन उन्हाळे पडून होती. वाळून अशी टणक झाली होती की खिळा वाकायचा. नमुन्याचं लाकूड पांढरं, भुसभुशीत, नखानं ओरखडा उठेल असं. आश्रुबाला त्याची दया आली. असल्या लाकडावर एवढ्या लांबचा प्रवास करायचा म्हणजे लोकांची छातीच म्हणायची.

त्या नमुन्याच्या दोन बाजूंना एकेक खूण होती. चौकट, चौकटीत डाव्या हाताला एक कणीस, उजवीकडं इंग्रजी अक्षरं आणि आकडे. काळपट, निम्मी पुसट. आश्रुबानं ती ओल्या फडक्यानं पुसून बघितली, उजेडात नेऊन बघितली. आता इथं त्याच्या घरची रीत सांगायला हवी. म्हाळू सुतार मापाला आणलेल्या जुन्या वस्तूत स्वतःचं डोकं घालायचा नाही. जुन्या चौकटीवर वेल असेल तर नव्या चौकटीवर वेल, मोर असेल तर मोर. तो मोर कशासाठी, हे विचारायचं नाही. करवून घेणाऱ्याला ठाऊक असतं. आश्रुबा त्याच हाताखाली शिकला होता. शिवाय कणीस बघून त्याला बरं वाटलं. परमुलखातली माणसंसुद्धा लाकडावर कणीस काढतात, म्हणजे आपल्यासारखीच असणार.

त्यानं बारीक पटाशी घासून घेतली आणि एका कणसाला दोन घंटे या हिशेबानं चाळीस कणसं कोरली. पुसट होती ती अक्षरंही अदमासानं पुरी केली. दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. पेंडीची पोती शिवायला बसलेली दगडाबाई उठून आली, एका कणसावरून बोट फिरवून म्हणाली, "आश्रुबा, शिवारात न्हाई आलं, तुज्या फळीवर आलं बघ."

त्रिंबक वीस दिवसांनी पॅलेट बघायला आला आणि पहिल्या कणसापाशीच थबकला. त्याचं ठरलं होतं ते असं: पॅलेट इथं करायची, मग ट्रकनं पुण्याकडच्या भट्टीत पाठवायची. तिथं लाकूड नियमाप्रमाणं तापवतात आणि मग भट्टीवाले आपला शिक्का मारतात. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून जगभर हा नियम आहे. इथं तर भट्टीच्या आधी शिक्का हजर. त्यानं हे सुंदररावांना सांगितलं. सुंदररावांनी कणसं पाहिली, कौतुकानं मान हलवली आणि भट्टी रद्द केली.

"शिक्का आलाय न्हवं? मग लाकूड भाजायला पुण्याला कशाला? हितं काय कमी भाजतंय?"

"अण्णा, तो शिक्का भट्टीवाल्याचा आहे. त्यात त्यांचा नंबर आहे."

"त्रिंबक, तू लई शिकलास बघ."

या वाक्यानंतर त्रिंबक नेहमी वही मिटून खिशात घालायचा. याही वेळी घातली. आश्रुबा शेजारीच उभा होता. भट्टी म्हणजे काहीतरी वरचा खर्च होता आणि तो आपल्या कामामुळं वाचला, एवढं त्याला समजलं, आणि त्याला त्याचा आनंदच झाला.

पेंड परदेशी जायच्या आधी सरकारी तपासणी लागते. त्यासाठी खांबेटे नावाचे निरीक्षक आले. उंच, सडपातळ, पाणी स्वतःचं स्वतः आणणारा माणूस. सुंदररावांनी शाल, नारळ, पेढे, फोटोग्राफर अशी सगळी तयारी ठेवली होती. खांबेट्यांनी शालीकडं पाहिलंही नाही. त्यांनी पोती उघडून पेंड हुंगली, चाळली, नळीत भरली. पेंड उत्तम आहे म्हणाले. मग ते खाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पुढच्या पॅलेटपाशी गेले. मग त्याच्या पुढच्या.

"हे कुणी केलं?"

इतके दिवस आश्रुबा या प्रश्नाची वाट बघत होता. तो पुढं झाला, टोपी नीट केली.

"म्या, साहेब."

"हातानं?"

"पटाशीनं. एका कणसाला दोन घंटे लागत्यात."

"खरा शिक्का तापलेल्या लोखंडानं मारतात," खांबेटे म्हणाले. "दोन सेकंदांत. कधी वाकडा बसतो, कधी निम्मा उठतो. इतका स्वच्छ शिक्का मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही."

आश्रुबाला वाटलं, कौतुक चाललंय. त्यानं हात जोडले. बाकीच्यांचे चेहरे बघून ते त्यानं हळूच खाली घेतले.

"हा खोटा शिक्का आहे. दुसऱ्या कंपनीच्या नंबराचा. यावर गुन्हा दाखल होतो."

सुंदरराव पुढं सरसावले. कोणताही अधिकारी बोलण्यानं वितळतो असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता.

"साहेब, ह्ये निंबाचं लाकूड हाय. निंबाला कीड लागती का? आन् ह्याच्यावर ठिवलंय काय, तर कीड मारायचं औषध! कीड आली तरी जगंल का?"

"नियमात निंब नाही. लाकूड आहे."

"पन तापवायचंच ना? दोन उन्हाळं तापलंय ते!"

"लाकडाच्या गाभ्यात छप्पन्न अंश, सलग तीस मिनिटं."

"वैशाखात या साहेब, आमच्या गाभ्यातच छप्पन्न असतंय."

बायका हसल्या. खांबेटेही किंचित हसले, पण वहीत लिहीत लिहीत. "असेलही. पण तुमच्या उन्हाला मान्यता नाही," ते म्हणाले.  उन्हाला मान्यता मिळवून देईल असं कुणी सुंदररावांच्या ओळखीत नव्हतं.

मग सगळे संस्थेच्या कचेरीत बसले. खांबेटे वाईट माणूस नव्हते. बाहेर उभ्या असलेल्या चौतीस बायका त्यांनाही दिसत होत्या. ते म्हणाले, हे जाणूनबुजून केलं असेल तर मला वर कळवावं लागेल, संस्थेचा परवाना जाईल आणि माल इथंच राहील. एखाद्या अडाणी मजुरानं न कळत केलं असेल तर गोष्ट वेगळी. तसा लेखी खुलासा द्या, माझ्यासमोर खुणा काढून टाका, माल भट्टीतून आलेल्या पॅलेटवर चढवा, मी सही करतो.

"न कळतच हाय, साहेब," सुंदरराव म्हणाले. भट्टी कुणी रद्द केली, हे त्यांनी सांगितलं नाही. त्रिंबकनं संगणकाच्या पडद्याकडं बघितलं आणि आश्रुबानं त्रिंबककडं.

सुंदररावांनी खुलासा सांगितला, त्रिंबकनं तो लिहिला. यंत्रातून कागद निघाला आणि आश्रुबाच्या हातात आला. तो चौथीपर्यंत शिकलेला होता. कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे बापानं सांगितलं होतं, म्हणून तो वाचायला लागला.

"सदर इसम आश्रुबा म्हाळू पांचाळ हा व्यवसायाने ऊसतोड मजूर असून त्यास सुतारकामाचे कोणतेही ज्ञान नाही. त्याने सदर खुणा अजाणतेपणी, केवळ विरंगुळा म्हणून लाकडावर ओरखडल्या आहेत."

तो 'ओरखडल्या' या शब्दापाशी थांबला. मागं जाऊन पुन्हा वाचलं, पुन्हा तिथंच थांबला. गुन्हा अंगावर आला असता तर त्यानं कदाचित घेतला असता. कोरलं तर त्यानंच होतं. पण ओरखडल्या?

"अण्णा, ह्यात सुतार ल्ह्या. सुतार हाय पन इंग्रजी येत न्हाई, आसं ल्ह्या."

"सुतार ल्हिलं की त्याला कळत व्हतं आसं हुतंय रं. सुताराला माप कळतं, खूण कळती. मजुराला काय कळतं?" सुंदरराव समजुतीनं म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बाहेर बग. ह्या बायांनी आखाडापासनं निंबोळ्या फोडल्यात."

आश्रुबानं बाहेर बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. दगडाबाईच्या बोटांच्या चिरा त्याला माहीत होत्या. त्यानं खिशातला पेन काढला.

"अंगठा," सुंदरराव घाईनं म्हणाले. "सही कशाला? मजूर माणूस, एवढी वळणदार सही बरी दिसत न्हाई."

त्रिंबकनं शाईचा डबा पुढं केला. आश्रुबानं उभ्या जन्मात पहिल्यांदा अंगठा उठवला. खांबेट्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून आश्रुबाकडं बघितलं, त्याच्या हातांकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले आणि कागद फायलीत लावला.

आता खुणा काढायच्या होत्या. सवयीनं सगळ्यांनी आश्रुबाकडं बघितलं. तोही सवयीनं रांधा आणायला वळला. रांध्यानं त्यानं त्या अलगद, पापुद्र्यासारख्या काढल्या असत्या. निदान आपल्या हातानं गेल्या असत्या. तेवढ्यात खांबेटे हळूच म्हणाले, "यांना रांधा वापरता येत नाही ना? आत्ताच लिहून दिलंय तुम्ही."

मग नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानातून दोन पोरं लोखंड घासायचं यंत्र घेऊन आली. निंबाचं लाकूड टणक, यंत्र लोखंडाचं. ठिणग्या नाहीत, पण धूर निघाला, कडू वास सुटला. ज्या कणसाला दोन घंटे लागले होते ते दीड मिनिटात गेलं, आणि त्या जागी फळीला खड्डा पडला. आश्रुबा खांबाला टेकून उभा राहिला. विसाव्या कणसापर्यंत त्यानं मोजलं. पुढं धुरानं डोळे चुरचुरले म्हणून तो बाहेर गेला, असं त्यानं दगडाबाईला सांगितलं. पोरं मात्र इमानी होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाळीसच्या चाळीस खड्डे पुरे केले.

आठवड्यानं पुण्याकडून वीस पॅलेट आली. तीच पांढरी, भुसभुशीत, नखानं ओरखडा उठणारी, आणि त्यांवर काळे वाकडे शिक्के. चढवताना एकाची फळी तुटली, एकाचा ठोकळा निसटला, त्रिंबकनं सुतळी बांधली. कंटेनर गेला. गावानं गुलाल उधळला. आश्रुबाची वीस पॅलेट चारा छावणीत नेऊन टाकली. त्यांवर कडब्याच्या पेंढ्या रचल्या, म्हणजे खालून वाळवी लागत नाही. छावणीवाला म्हणाला, लाकूड एक नंबर आहे.

पुढच्या दोनशे पॅलेटचं काय, हे विचारायला आश्रुबा तीनदा कचेरीत गेला. तिसऱ्या खेपेला त्रिंबकनं त्याला खरं सांगितलं, तेही मान खाली घालून.

"काका, तुम्हाला काम देता येत नाही. सुतारकामाचं ज्ञान नाही असा तुमचा कागद दप्तरात आहे. मग सुतारकामाचे पैसे कसे दिले, असं तपासणीत निघेल."

"कागद कुनी केला?"

"मी," त्रिंबक म्हणाला. "मला माफ करा."

आश्रुबानं माफ केलं नाही आणि तो रागावलाही नाही. तो घरी गेला, हत्यारं पोत्यात बांधली आणि बंकट मुकादमाकडं जाऊन दोघांची नावं लिहून आला. बंकटनं टोमणा मारला नाही. तो मारेल याची तयारी करून आश्रुबा गेला होता, त्यामुळं ते जास्तच लागलं.  रुक्मिणीबाईनं कोयत्यांना धार लावून आणली.

ट्रक निघायच्या आदल्या दिवशी संस्थेच्या कचेरीत गडबड उडाली होती. पहिल्या निर्यातीबद्दल सुंदररावांचा सत्कार होता, जिल्ह्याचे पाहुणे यायचे होते, आणि कचेरीचं दार लागेना. तीन सालांच्या उन्हानं चौकट आकसली होती, दार खाली बसलं होतं. चार गडी त्याला खांदा लावत होते. आश्रुबा तेव्हा रस्त्यानं मिठाचा पुडा घेऊन चालला होता. सुंदररावांनी आतूनच हाक मारली.

"आरं आश्रुबा! देवासारखा आलास. जरा दार बग रं. तुज्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई ते."

आश्रुबा आत आला. त्यानं दाराकडं वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. खालची बिजागरी ढिली झाली होती, दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकली होती. पाव घंट्याचं काम.

"मला सुतारकाम येत न्हाई, अण्णा," तो म्हणाला.

दाराला खांदा लावणारे गडी थांबले. मग सुंदरराव हसले, आणि ते हसले म्हणून बाकीचेही हसले.

"आरं, ते कागदापुरतं व्हतं!"

"व्हय. पन म्या वाचून अंगठा दिलाय."

ते बोलताना त्याला वाटलं होतं की मनातलं मोकळं होईल. झालं नाही. बोलून झाल्यावर ते खरंच वाटायला लागलं. हात आपोआप बिजागरीकडं गेला होता, तो त्यानं परत घेतला. सुंदरराव अजून हसत होते. माणूस नाही म्हणतो म्हणजे खरंच नाही म्हणतो, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागायचा.

"बरं, रुसू नगं. उद्या सकाळी कर."

"उद्या सकाळी ट्रक हाय."

तो वळला. बाहेर पडताना त्यानं दार मागं ओढलं. ते फरशीवर कर्रकन घासलं, निम्म्यावर येऊन अडकलं, आणि त्यानं ते तसंच सोडून दिलं.